नोकरीआधी गाव बघून यायचं, तर नोव्हेंबरात जा

सोलापूरच्या एका ३१ वर्षांच्या डिझाइन इंजिनियरांनी विचारलं आहे. पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी ५ वर्षांची. जर्मनीत स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली आहे, रुजू व्हायचं आहे पुढच्या एप्रिलात. नोव्हेंबरातल्या दिवाळीच्या सुट्टीत १० दिवस जाऊन गाव बघून यावं असं मनात आहे. पण वडील म्हणतात, "तीन-चार लाख घालून नुसतं बघायला कशाला? जायचंच आहे तर जा की थेट!" तर जावं का, आणि गेलं तर काय बघावं?

जावं. आणि वडिलांना सांगा की नोव्हेंबरात जातोय म्हणूनच पैसे वसूल होणार आहेत. हेच तुम्ही जूनमध्ये निघाला असतात तर मीही म्हटलं असतं, राहू द्या.

मी स्वतः जूनमध्ये गेलो होतो. कंपनीचं दोन आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, पुढे एक आठवडा रजा टाकली आणि बायकोला बोलावून घेतलं. रात्री साडेनऊपर्यंत उजेड. माणसं बागेत पालथी पडलेली, टेकड्यांवर द्राक्षांचे मळे हिरवेगार, ट्राम वेळेवर. सोलापुरात ४३ अंशांत होरपळून आलेल्या माणसाला तिथली २४ अंशांची दुपार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बायको म्हणाली, "इथं राहायचं? उद्याच चला." मी होकार कळवला आणि आम्ही बिऱ्हाड घेऊन पोचलो ते १२ नोव्हेंबरला. सकाळी सात वाजता मी अंधारात घराबाहेर पडायचो आणि संध्याकाळी अंधारातच परत यायचो. साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळायचा, म्हणजे दिवसभर दिसला असला तर. तिसऱ्या आठवड्यात बायकोनं स्वयंपाकघरातले तिन्ही दिवे भर दुपारी लावून ठेवलेले दिसले. मी विचारलं, तर म्हणाली, "ऊन पडल्यासारखं वाटतंय तरी." जोडभावी पेठेत वाढलेली, गच्चीवर कुरडया वाळवणारी बाई ती. त्या हिवाळ्यात दोनदा तिनं परतीच्या तिकिटांचे भाव काढले होते, हे मला पुढे वर्षभरानं कळलं.

मुलगी बघायच्या कार्यक्रमात पोहे कधी वाईट नसतात. जून हा जर्मनीचा पोह्यांचा कार्यक्रम आहे. नोव्हेंबरात तुम्हाला ते घर रोजच्या कपड्यांत दिसेल. त्यातही महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. शेवटच्या आठवड्यात ख्रिसमसचे बाजार लागतात, सगळीकडे दिवे, भाजलेल्या बदामांचा वास, आणि मग पुन्हा सगळं गोड दिसायला लागतं. दुसरं म्हणजे तिथल्या शाळांची शरदातली सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येते, ती संपलेली असेल असे दिवस निवडा. तुम्हाला शाळा भरलेल्या बघायच्या आहेत.

व्हिसाचं आधी उरकून टाकतो, कारण तिथे फार चर्चा नको. बघायला जाल तो शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, अल्पमुदतीचा व्हिसा: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांखालच्या मुलांना नाही, म्हणजे तुमच्या लेकीचे वाचले. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, तेव्हा दिवाळीच्या तोंडावर धावपळ करू नका. या व्हिसावर काम करता येत नाही, आणि तिथे राहून तो नोकरीच्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. भारतीयांना परत येऊन इथूनच राष्ट्रीय व्हिसाचा, म्हणजे जर्मनीत दीर्घकाळ राहायच्या व्हिसाचा, अर्ज करावा लागतो. एक खबरदारी घ्या: आधी बघून या, मग नोकरीचा अर्ज टाका. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू ठेवले की पासपोर्ट एकीकडे अडकतो आणि विमान दुसरीकडून उडतं. नोकरीबद्दल विचारलं तर खरं सांगा. सध्याच्या कंपनीचं रजेचं पत्र आणि परतीचं तिकीट बरोबर असलं की सांगायला संकोच वाटायचं कारण नाही.

आता मुख्य गोष्ट. हॉटेलात उतरू नका. ब्योब्लिंगन, सिंडेलफिंगन, हेरेनबर्ग किंवा स्टुटगार्टमधलं फायहिंगन, या पट्ट्यात स्वयंपाकघर असलेली एखादी सुट्टीसाठी भाड्यानं मिळणारी सदनिका घ्या. ही सगळी ठिकाणं एस-१ या लोकल रेल्वेनं, नाहीतर तिच्या जोडमार्गानं कंपनीशी जोडलेली आहेत, आणि उद्या घर शोधाल तेही बहुधा इथेच. कोलोन, पॅरिस, स्वित्झर्लंड यादीत असेल तर खोडा. नातेवाईक फोटो मागतील. त्यांना स्टुटगार्टचं २०११ साली उघडलेलं शहर वाचनालय दाखवा, बाहेरून चौकोनी ठोकळा, आतून पांढरंशुभ्र, फोटो झकास येतात. शिवाय तिथे तुमच्या पत्नीचंही एक काम आहे, ते पुढे सांगतो.

एक सोमवार किंवा मंगळवार असा काढा की जणू तुम्ही नोकरीलाच आहात. पहाटे साडेपाचला गजर. डबा भरून घ्या. मुलीला तयार करून बायकोच्या ताब्यात द्या आणि सातच्या गाडीनं कंपनीच्या फाटकापर्यंत जा. आत जायची गरज नाही. फाटकावरून परत फिरा आणि संध्याकाळी पाच वाजता पुन्हा तोच प्रवास उलटा करा. घड्याळ लावून मोजा, घराच्या दारापासून फाटकापर्यंत. नकाशात लोकलची २५ मिनिटं दिसतात. त्यात स्टेशनपर्यंतची चढण, गाडीची वाट, पुढची बस आणि पावसाळी जाकीट काढ-घाल धरलं की ५५ होतात. स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन २०१० पासून खोदकामात आहे, तिथे गाडी बदलायची असेल तर फलाटापर्यंतची पायपीट वेगळी धरा. जर्मन गाड्या वेळेवर असतात ही आपल्याकडची समजूत तेवढ्या एका दिवसात गळून पडेल. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला नावं ठेवणं मी तिथे गेल्यावर बंद केलं.

तिकिटासाठी डॉइचलांड-टिकेट आहे. २०२३ च्या मेमध्ये ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३ युरो झालंय. देशभरातल्या लोकल, ट्राम, बस, प्रादेशिक गाड्या महिनाभर त्यावर चालतात, लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. हे दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहणारं तिकीट आहे आणि बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. म्हणजे नोव्हेंबरसाठी घेतलंत तर १० नोव्हेंबरच्या आत रद्द करा, नाहीतर सोलापुरात बसून डिसेंबरचे ६३ युरो भराल.

तुमचा दिवस तरी कंपनीत जाईल, सहकारी असतील, कँटीन असेल. खरा प्रश्न आहे तुमच्या पत्नीच्या दिवसाचा, आणि हे बघायला जाणारे नव्वद टक्के पुरुष विसरतात. (नव्वद हा माझा अंदाज, पण मी वीसेक वर्षांत पुष्कळ जणांना पाठवलंय.) एकाच माणसाच्या तिकिटाचे पैसे असते तर मी म्हटलं असतं, तुम्ही राहा, त्यांना पाठवा. त्या आज नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पगाराच्या, शाळेत बाई म्हणून मान असलेल्या आहेत. तिथे तुम्हाला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, मिळालं तर त्यांना नोकरी करायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही लागत नाही. एवढं ऐकून सगळे खूश होतात. पण परवानगी असणं वेगळं आणि नोकरी मिळणं वेगळं. तिथल्या शाळेत शिकवायचं तर पदवीची मान्यता आणि वरच्या पातळीचं जर्मन हवं, म्हणजे काही वर्षांचं काम. ते आधी कळलेलं बरं.

म्हणून तुम्ही फाटकापर्यंतची वारी करत असाल त्या दिवशी त्यांनी एकटीनं, तुमच्याशिवाय, मुलीला घेऊन पाच कामं करावीत: बाजार करणं, औषधाच्या दुकानातून मुलीसाठी तापाचं सिरप आणणं, बागेत बसणं, वर सांगितलेल्या शहर वाचनालयात जाणं आणि स्टुटगार्टच्या रोटेब्यूल चौकात लोकशिक्षण केंद्र आहे, तिथे जर्मनच्या वर्गांची चौकशी करणं. फोन करून तुम्हाला विचारायचं नाही. संध्याकाळी त्या घरी आल्यावर काय बोलतात, त्यापेक्षा कशा बसतात ते बघा.

भाषेबद्दल एक इशारा. पुण्यात वर्ग लावून, परीक्षा पास होऊन मी मोठ्या रुबाबात गेलो होतो. पहिल्याच दिवशी बेकरीतल्या आजीबाई तिथल्या श्वाबी बोलीत काहीतरी म्हणाल्या आणि मला एक अक्षर कळलं नाही. तिकडे प्रत्येक शब्दाला लाडानं 'ले' लावतात. पुण्याचा माणूस पहिल्यांदा सोलापुरात सात रस्ता चौकात "काय बे, कुटं चाललास?" ऐकतो तेव्हा त्याचं तोंड जसं होतं, तसं माझं झालं होतं. तुम्ही उलट विचार करा. एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ऐकत मोठा झालेला सोलापूरकर भाषेला घाबरत नाही. मोडकंतोडकं बोलायची लाज त्याला नसते, आणि तिथे तेच कामी येतं.

शाळा. हे मी थोडं जोर देऊन सांगतो कारण मुलगी ५ वर्षांची आहे. स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात ३० जूनपर्यंत ६ वर्षं पूर्ण करणारं मूल त्याच सप्टेंबरात पहिलीत जातं. घरी शिकवणं चालत नाही, शाळा सक्तीची आहे. आणि प्राथमिक शाळा तुम्ही निवडत नाही, तुमचा पत्ता निवडतो. ज्या भागात घर, त्या भागाची शाळा. तेव्हा घर बघताना आधी शाळा बघा. सकाळी शाळा भरायच्या वेळी आणि दुपारी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहा, आतले फोटो काढू नका, नाहीतर लोक हटकतील आणि ते बरोबरच आहे. कार्यालयात जाऊन नम्रपणे एवढंच विचारा की जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचा वर्ग याच शाळेत आहे की दुसरीकडे. मुलगी सप्टेंबरच्या आधी बालवाडीत जाणार असेल, तर जागा मिळणं अवघड आहे. कायद्यानं हक्क आहे, पण यादी लांब असते. तेव्हा नगरपालिकेचा ऑनलाइन अर्ज कुठे आणि कधी भरायचा हे त्याच फेरीत विचारून घ्या. जर्मनीत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, हेही डोक्यात असू द्या. आपल्याकडे दहावीला येतं ते टेन्शन तिकडे नवव्या-दहाव्या वर्षी येतं.

घराच्या बाबतीत या फेरीकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिथल्या पगाराच्या तीन पावत्या नसताना घरमालक सहसा घर देत नाही. पहिले दोन-तीन महिने सामानासकट मिळणाऱ्या तात्पुरत्या घरात काढावे लागतात, आणि कंपनी ते करून देते का हे आत्ताच लेखी विचारा. पण जाहिराती वाचायला शिका. 'कल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं, 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्याची देखभाल धरून, पण वीज बहुधा वेगळी. 'तीन खोल्या' म्हणजे हॉल आणि दोन बेडरूम, स्वयंपाकघर मोजत नाहीत. आणि 'स्वयंपाकघर' म्हणजे कित्येकदा चार भिंती आणि एक नळजोड! ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू उपटून घेऊन गेलेला असतो. बसवलेलं स्वयंपाकघर असेल तर जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं. अनामत कल्टमीटेच्या तिपटीपर्यंत घेता येते आणि कायद्यानं ती तीन हप्त्यांत देता येते. "मी परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरनं पाठवतो" असं सांगणारा मालक हा शंभर टक्के ठग. आपल्या ओळखीतल्या एका मुलानं इथे बसून असे दीड हजार युरो पाठवले होते, पत्त्यावर जाऊन बघितलं तर दातांचा दवाखाना.

जी इमारत बरी वाटेल तिच्या जिन्यात जरा डोकवा. दाराला 'केअरवोखे' असं लिहिलेली पाटी लटकत असेल तर त्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायची पाळी त्या घराची. श्वाबी लोकांना ती पाटी फार प्यारी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला झाडू कसा धरायचा हे शिकवलं होतं. चिडलो होतो तेव्हा, पण पुढे त्यांनीच बायकोला बर्फात चालायला शिकवलं. आणि चढ-उतार पायांनी मोजा. स्टुटगार्ट वाटीत वसलेलं आहे, भोवती टेकड्या, आणि चारशेहून जास्त जिन्यांच्या वाटा. आपल्या सपाट सोलापुरात सायकल मारलेल्या पायांना सुरुवातीला तेही जाणवतं. मुलीला बाबागाडीची सवय नसेल तर उत्तमच.

रविवारचा एक पूर्ण दिवस घरी बसा. खरंच बसा. दुकानं बंद असतात, दूधही स्टेशनवरच्या किंवा विमानतळावरच्या दुकानातून आणावं लागतं. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, रविवारी दिवसभर ड्रिल नाही, हातोडी नाही. नवी पेठेच्या गर्दीत वाढलेल्या माणसाला त्या शांततेचा आवाज येतो. कोणाला तो आवडतो, कोणाला खायला उठतो. तुम्हाला यातलं काय होतं हे पैसे देऊन शोधण्यासारखं आहे.

पैशाचं गणित तिथे जाऊन नाही, इथेच करा, मग तिथे जाऊन पडताळा. पगारपत्रावर असतो तो 'ब्रुटो', हातात येतो तो 'नेटो', आणि मधला कर आणि विमे मिळून तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातात. पत्नी कमावती नसेल तर कराचा तिसरा वर्ग मागता येतो, त्यात हातात थोडं जास्त येतं. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुलं त्याच हप्त्यात बसतात. मुलीमागे महिन्याला २५९ युरो बालभत्ता मिळतो. दर घराला रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरो महिना फी आहे, टीव्ही असो नसो. युरोला रुपयांनी गुणायचं पहिल्या दिवशीच सोडा. त्यापेक्षा चार दिवसांच्या किराण्याच्या पावत्या जपून ठेवा आणि त्यावरून महिन्याचा हिशेब मांडा. रिकाम्या बाटल्या फेकू नका, प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात.

तिथे आधीपासून राहणाऱ्या दोन मराठी घरांना भेटा, पण एक नुकतं वर्षभरात आलेलं आणि एक दहा वर्षं झालेलं निवडा. मधले, म्हणजे तीन-चार वर्षंवाले, एकतर फार गुण गातात नाहीतर फार रडतात. आणि नवऱ्याला पगार आणि बायकोला एकटेपणा विचारायचा, अशी वाटणी करू नका, उलटं विचारा. आमच्या गल्लीतले एक पद्मशाली आजोबा सांगायचे, त्यांच्या वडिलांनी तेलंगणातून सोलापूरला येण्याआधी एकटं येऊन महिनाभर दुसऱ्याच्या मागावर विणकाम केलं, मग बायकोला आणलं. "पाणी कडू लागलं नाही, म्हणून आणलं," असं म्हणायचे. त्या काळात सोलापूरही परदेशच होतं की त्यांना. अर्थात आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते काही आधी बघून आले नव्हते. पण ते युद्धावर निघाले होते, तुम्ही बिऱ्हाड घेऊन निघालायत.

दहा दिवसांत न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. साहेब कसा आहे हे कळणार नाही. मुलीची जर्मन मैत्रीण होईल का, हे कळणार नाही. फेब्रुवारीतला कंटाळा नोव्हेंबरातून दिसत नाही. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे फोटो फोनवर यायला लागले, नंदीध्वज निघाले, की पोटात जे होतं त्याची चाचणी कुठल्याच सुट्टीत घेता येत नाही.

परतीच्या विमानात दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा: मला काय चालणार नाही. काय आवडलं ते लिहू नका, ते तसंही आठ दिवस बोलत राहाल. कागद घरी पोचेपर्यंत एकमेकांना दाखवायचे नाहीत. एकाच्याही कागदावर अशी गोष्ट असली की जिला पैसे, वेळ किंवा दुसरी पेठ हा उपाय नाही, तर नोकरी नाकारायचा विचार करा आणि लोकांना 'पगार जमला नाही' म्हणून सांगा. सोलापुरात त्याच्यावर कोणी वाद घालत नाही.

जाताना शेंगाचटणी न्या, कडक भाकरी न्या, ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं म्हणून ओझं करू नका. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही नेऊ नका. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. आईंनी डब्यात तूप घातलंच, तर ते सोलापूर स्टेशनवरच पोहोचवायला आलेल्या भावाच्या हातात द्या.